कळव्याच्या बांधावरचा एक फूट

माझं अक्षर चांगलं होतं, आणि माझ्या नोकरीतलं सगळं बरंवाईट त्या अक्षरापासून सुरू झालं. ठाण्यात तळ्यामागच्या आळीत आमचं घर. वडील कचेरीत नकला करायचे. त्यांनी मला लहानपणी बोरू हातात देऊन गिरवायला बसवलं आणि काना जरा तिरका गेला तरी पान पुन्हा लिहायला लावलं. मी घाटावरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या वर्गात शिकत असतानाच ते गेले. घरी आई, दोन धाकट्या बहिणी आणि मी. परीक्षा पास होऊन मी सरकारी बांधकामावर ओव्हरसियर लागलो तेव्हा आळीतल्या लोकांना वाटलं, पोरगं साहेब झालं. ओव्हरसियर म्हणजे साहेबाने कागदावर ओढलेली रेघ जमिनीवर खरी करून दाखवणारा माणूस. उन्हात तो, चिखलात तो, आणि काम बिघडलं की बोलणी खाणाराही तोच.

माझं पहिलं मोठं काम कळव्याकडचं. खाडीच्या कडेने खाजणातून, म्हणजे खाऱ्या दलदलीतून, नवा बांध घालायचा आणि त्याच्या माथ्यावरून गाडीरस्ता न्यायचा असं ठरलं होतं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि मध्ये हा बांध. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेला मातीचा जुना बांध त्यासाठी मोडला जाणार होता. म्हणजे पुढे भरतीचं पाणी अडवायचं ते आमच्या बांधानेच. त्याची उंची किती ठेवायची हा चेष्टेचा विषय नव्हता.

उंची मोजायची ती लेव्हलने. लेव्हल म्हणजे तिपाईवर आडवी बसवलेली दुर्बीण. समोर खलाशी, म्हणजे मोजणीवरचा हाताखालचा गडी, फुटांचे आकडे रंगवलेली काठी उभी धरतो, आपण दुर्बिणीतून आकडा वाचतो, वहीत लिहितो, आणि असे टप्पे घेत एका दगडावरच्या खुणेपासून दुसऱ्या दगडावरच्या खुणेपर्यंत जातो. मग तेच सगळं पुन्हा उलट मोजत परत यायचं. परत आल्यावर पहिल्या खुणेची उंची होती तेवढीच निघाली तर काम जुळलं. नाही निघाली तर कुठेतरी चूक आहे, आणि पुन्हा चालायचं. यात बुद्धी फार लागत नाही. पाय लागतात आणि लाज लागते.

शेवटच्या टप्प्याचं मोजमाप ज्या दिवशी केलं, तो पौषातला दिवस माझ्या वडिलांच्या श्राद्धाचा होता. साहेबाला सोमवारी वही हवी होती आणि मला दोन्ही साधायचं होतं. पहाटेच खाडी ओलांडून जावं, दहापर्यंत काम उरकावं, घरी येऊन अंघोळ करावी आणि दुपारी ब्राह्मण पानावर बसवावेत, असा माझा हिशेब. श्राद्ध होईपर्यंत पोटात काही घालायचं नाही, हे तर ठरलेलंच. बावीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हिशेबांवर जेवढा विश्वास असतो तेवढा नंतर कधी राहत नाही.

बांधाच्या पलीकडच्या टोकाला एका किरिस्ताव शेतकऱ्याची शेती होती. त्याच्या खळ्यावर पांढऱ्या भाताची रास पडलेली मला आठवते. मी काठीकडे डोळे बारीक करून बघत असताना तो शहाळं घेऊन आला. मी नको म्हटलं. त्याला वाटलं, मी त्याच्या हातचं घेत नाही म्हणून नको म्हणतोय. शहाळ्याला आमच्याकडे तसा दोष नव्हता, म्हणून मी त्याला खरं कारण सांगितलं. त्याने शहाळं खाली ठेवलं आणि डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. मग मला जुन्या बांधाच्या एका दगडाशी नेऊन म्हणाला, की उधाणाचं पाणी इथवर चढतं, नवा बांध याहून चांगला कंबरभर वर घ्या. मी त्याला सांगितलं, उंची आकडे ठरवतील. अशा वेळी माझा आवाज कसा लागत असे हे मला माहीत आहे, आणि तो आठवला की अजून राग येतो.

टोकाला पोचून पाणी जाण्यासाठी बांधलेल्या मोरीच्या दगडावर खूण केली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. उलट मोजत परत जायचं तर तीन वाजणार. घरी आई अंगणात येरझारा घालत असणार, ब्राह्मण खोळंबलेले असणार. मी खलाशांना सुट्टी दिली, बाभळीखाली बसलो आणि परतीचे सगळे आकडे डोक्याने लिहून काढले. ज्या आकड्याने काम जुळेल तो आकडा बसवला. फरक अगदी शून्य आला तर साहेबाला संशय येईल, म्हणून शेवटी इंचाच्या चौथ्या हिश्शाएवढा फरकही ठेवून दिला. पानं इतकी स्वच्छ झाली की मलाच बरं वाटलं. श्राद्ध वेळेवर झालं. पिंडाला हात लावताना आईने माझी बोटं पाहिली आणि शाई निघाली नाही का रे, म्हणून विचारलं. मी पुन्हा हात धुऊन आलो.

चूक होती ती जातानाच्या वाचनात. दुर्बिणीत काठी उलटी दिसते, आणि घाईत बघताना इंच बरोबर वाचले जातात पण फुटाचा आकडाच चुकतो. हे मी पुढे वीस वर्षं मुलांना शिकवलं. त्या दिवशी उलट मोजत आलो असतो तर तासाभरात कळलं असतं. खूण जिथे आहे त्यापेक्षा ती एक फूट उंच आहे असं माझ्या वहीने धरलं, आणि त्या वहीवरून घातलेला सगळा पलीकडचा बांध एक फूट ठेंगणा झाला.

माझी बदली देशावर झाली. दोन पावसाळे गेले आणि एक कागद माझ्या मागे आला. कळव्याकडच्या एका शेतकऱ्याचा अर्ज होता, की आषाढाच्या उधाणाला पाणी बांधावरून शेतात येतं. मोजमाप बरोबर होतं ना, एवढंच कचेरीने विचारलं होतं. मी सुंदर अक्षरात उत्तर लिहिलं, की वहीतलं परतीचं मोजमाप जुळतं, चुकीला जागा नाही. अर्ज दप्तरी दाखल झाला. पहिल्या खोट्याला उपासाचं निमित्त होतं. हे दुसरं खोटं लिहिलं तेव्हा माझं जेवण झालेलं होतं.

पुढे जे झालं त्याला लोक नशीब म्हणतात. कॉलेजात मोजणी शिकवायला माणूस हवा होता. माझ्या साहेबाने माझं नाव सुचवलं, आणि पुरावा म्हणून काय पाठवलं, तर तीच कळव्याची वही. इतकी नीटनेटकी वही नेटिव्ह माणसाची पाहिली नाही, असं तिथल्या प्रिन्सिपॉल साहेबांना वाटलं. मला असिस्टंट लेक्चरर केलं आणि वही काचेच्या कपाटात ठेवली, मुलांनी बघून शिकावं म्हणून. मी रोज त्या कपाटावरून जात असे. पहिली काही वर्षं मी मान वळवत असे, मग तेही सुटलं, कारण माणसाला कशाचीही सवय होते.

शिकवायला सुरुवात केली तेव्हा मी भयंकर होतो. पहिल्याच तासाला इंग्रजी पुस्तक उघडून फळ्याकडे तोंड केलं ते घंटा झाल्यावरच वळलो. मुलं पागोटी सावरत मुकाट्याने लिहून घेत होती. आठवड्याने मी एकाला विचारलं, की काठी चिखलात टेकवली तर काय होईल. त्याने मला पुस्तकातला परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. चिखल म्हणजे काय हे त्याला विचारलं असतं तर त्याचाही परिच्छेद शोधला असता. तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि हळूहळू दुसरी रीत धरली. इंग्रजीत व्याख्या सांगायची, कारण परीक्षा इंग्रजीत, आणि मग आवाज उतरवून मराठीत विचारायचं, की बाबा, हे तुझ्या गावच्या विहिरीला लावून दाखव.

माझे दोन नियम होते आणि मुलं त्यांना वैतागत. वही शाईने लिहायची, जागेवरच. आकडा चुकला तर खरवडायचा नाही, वर एक आडवी रेघ मारायची, चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. मुलांना वाटे, सरांना खाडाखोडीचा तिटकारा आहे. उलट होतं. खाडाखोड नसलेली वही आली की मी ती बाजूला काढून दोनदा तपासत असे. पण हा नियम मी कुठून शिकलो हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दर थंडीत मुलांना घेऊन मी कल्याणला मोजणीच्या मुक्कामाला जात असे. खाडीच्या वरच्या अंगाला राहुट्या ठोकायच्या आणि तीन आठवडे राहायचं. बारा मुलं आणि सात चुली. याचं पाणी त्याला चालत नाही, त्याचा तवा याला चालत नाही, आणि सगळ्यांचा धूर मात्र एकाच राहुटीत. सकाळचे दोन तास त्या चुलींतच जायचे. मी एकदा चिडून म्हणालो, की अरे, तुमच्या चुलींचीच मोजणी करू या, तिला जागा जास्त लागते. मुलं हसली, पण चूल एकही कमी झाली नाही. मी कोणत्या तोंडाने रागावणार होतो, माझी स्वतःची आठवी होती.

कल्याणहून मी कायम वरच्या दिशेला जात असे. कळव्याच्या बाजूला कधीच नाही. विचारलं तर सांगायचो, तिकडे दलदल फार.

मग एका वर्षी कॉलेजचे प्रिन्सिपॉल साहेब बदलले. नव्या प्रिन्सिपॉलनी मला न विचारता नकाशावर बोट ठेवलं. मुलांच्या चार टोळ्या करायच्या, प्रत्येकीने कल्याणच्या पुलावरच्या पक्क्या खुणेपासून निघून कळव्याच्या मोरीवरच्या खुणेपर्यंत स्वतंत्र मोजमाप न्यायचं. दोन्ही खुणांची उंची सरकारी यादीत छापलेली होतीच, म्हणजे मोजमाप जुळलं की नाही हे ताबडतोब कळणार. ती यादी मुलांना द्यायची नाही असं मी सांगितलं. साहेब म्हणाले, द्या, त्यांना कुठे पोचायचंय ते कळू दे.

सहा दिवसांनी वह्या आल्या. तीन टोळ्यांचं मोजमाप यादीशी इंचाच्या आत जुळलं होतं. चौथ्या टोळीची उंची यादीपेक्षा बरोबर एक फूट खाली आली होती.

चौथ्या टोळीचा पुढारी डोंबिवलीचा मुलगा होता. डोंबिवली तेव्हा भातशेतांतलं लहानसं गाव, आणि याचे वडील रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीचे मुकादम. त्या घरातलं कॉलेजात आलेलं हे पहिलंच पोर. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकत होता, आणि मोजणीत नापास झाला की शिष्यवृत्ती बंद, म्हणजे कॉलेज बंद. मुक्कामात तो आपली चूल सगळ्यांपासून लांब मांडत असे, बोलत कमी असे आणि चिखलात सगळ्यांच्या आधी उतरत असे.

साहेब तेव्हा मुक्कामावरच आले होते, त्यांनी त्याला बोलावलं. तीन टोळ्या एक सांगतात आणि तुझी वेगळं, तेव्हा चूक कुणाची ते उघड आहे, असं त्याला समजावलं. तो म्हणाला, मी पुन्हा मोजतो. पुन्हा मोजलं, पुन्हा एक फूट. साहेब मुळात वाईट माणूस नव्हते. त्यांनी वाट काढून दिली, की वहीत लिही, माझ्याकडून वाचताना फुटाची चूक झाली, आकडा दुरुस्त केला आहे. तेवढं लिहिलंस तर पास करतो. मुलाने विचार करायला शनिवारपर्यंत वेळ मागितला, आणि हा हट्टीपणा त्यांना आवडला नाही. शनिवारी लिहून आलं नाही तर शून्य मार्क, असं त्यांनी मला बजावलं.

हे सगळं चालू असताना मी शेजारी उभा होतो आणि गप्प होतो. मला एकट्यालाच कळत होतं, की एक फूट कुठून आला, कारण यादीतला कळव्याचा आकडा माझ्याच वहीतून गेलेला होता. आणि मला हेही कळत होतं, की उरलेल्या तीन टोळ्या कशा जुळल्या. त्यांनी माझ्यासारखंच केलं होतं. मी त्यांना शाई शिकवली, रेघ शिकवली, सही शिकवली, आणि तरी नऊ मुलांनी झाडाखाली बसून आकडा बसवला. माझ्याकडून शिकली त्यापेक्षा ती बहुतेक कपाटातल्या वहीकडून जास्त शिकली होती.

संध्याकाळी मुलगा माझ्या राहुटीशी आला. त्याने वही पुढे धरली.

"सर, मी दोन वेळा मोजलंय. तुम्ही म्हणाल तो आकडा लिहितो. पण तो मी वाचलेला नाही, तेव्हा खाली सही माझी नाही करणार."

मी त्याला सांगितलं, उद्या आपण दोघं जाऊन बघू. वेळ काढण्याचा तो एक मार्ग होता. मला बघायचं काही उरलं नव्हतं.

सकाळी आम्ही कळव्याला उतरून बांधावर गेलो. अठरा वर्षांनी मी तिथे पाय ठेवत होतो. रस्त्याच्या कडेने, सबंध पलीकडच्या टोकापर्यंत, कुणीतरी चिखलाचा एक वरंबा थापला होता, साधारण वीतभर रुंद. त्याची उंची मला डोळ्यांनी कळली, तरी मी मुलाला मोजायला सांगितली. त्याने काठी लावली आणि म्हणाला, एक फूट.

वरंब्याच्या शेवटी एक म्हातारा बसून हाताने चिखल थापत होता. दर पावसात उधाणाने वरंबा वाहून जायचा आणि दर थंडीत तो पुन्हा घालायचा. खळ्यावर या वेळी पांढरी रास नव्हती. राता पडला होता. राता म्हणजे खाऱ्या जमिनीत तग धरणारं तांबडं, जाडं भात. गोड्या जमिनीचा माणूस ते हौसेने लावत नाही. जमीन खारवली की दुसरं काही येत नाही म्हणून लावतो. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग लेव्हलकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"तुमी त्येच ना?" तो म्हणाला. "बापाचं कार्य होतं त्या दिसाला. पानी बी नाय घेतलंत."

मी हो म्हटलं. आता तो काय बोलेल त्याची मी तयारी केली होती. तो अर्जाबद्दल विचारेल, शिव्या देईल, चिखलाचा गोळा मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

"मग कार्य झालं ना येळेवर?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

बरं झालं, म्हणून तो पुन्हा चिखलाकडे वळला. अठरा वर्षं त्याला माझ्याबद्दल एवढंच लक्षात होतं, की एक मुलगा बापाच्या श्राद्धाला पोचायला धावत होता. त्याच्या शेतात पाणी का येतं आणि तो मुलगा का धावत होता, हे त्याने कधी जोडलं नव्हतं. मी तिथेच बांधावर खाली बसलो. मुलाने घाबरून विचारलं, की सर, ऊन लागलं का. मी त्या दोघांनाही सांगितलं, काय झालं होतं ते. माझ्याच्याने नीट सांगवत नव्हतं, मध्ये मध्ये थांबत होतो. म्हातारा ऐकत राहिला. त्याचे हात थांबले, मग पुन्हा चालू लागले. मला क्षमा वगैरे मागायचा धीर झाला नाही.

शनिवारपर्यंत मी कॉलेजातून ती काचेच्या कपाटातली वही मागवून घेतली. सगळ्या मुलांना एका राहुटीत बसवलं, साहेबांनाही बोलावलं. वही उघडली. परतीच्या मोजमापाच्या प्रत्येक आकड्यावर एक आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि प्रत्येक रेघेशेजारी सही केली. एकोणचाळीस सह्या झाल्या. त्या दिवशी माझं अक्षर वाईट आलं. मग मी मराठीतच सांगितलं, की हे आकडे मी वाचलेले नाहीत, हे मी झाडाखाली बसून लिहिले. अर्ज आला तेव्हा पुन्हा खोटं लिहिलं. चौथ्या टोळीचं मोजमाप बरोबर आहे. साहेबांसाठी तेच इंग्रजीत पुन्हा सांगावं लागलं, आणि ते जास्त जड गेलं.

पहिल्या टोळीच्या पुढाऱ्याने आपली वही ओढून घेतली आणि एका आकड्यावर रेघ मारली. मग दुसऱ्याने. दौत एकच होती, ती हातोहात फिरली. मी त्यांना रागावलो नाही. त्या मुलांबद्दल मला एवढी माया कधी वाटली नव्हती. डोंबिवलीच्या मुलाकडे रेघ मारायला काही नव्हतं. तो हात बांधून बसला होता. दौत त्याच्यापुढून निघून गेल्यावर त्याने एकच विचारलं.

"सर, त्या शेताचं काय?"

इतका वेळ मी माझ्या वहीचं, माझ्या नोकरीचं आणि माझ्या लाजेचंच बोलत होतो.

नंतर साहेब मला म्हणाले, की या मुलाच्या मार्कांचा प्रश्न आला नसता तर तुम्ही कधी बोलला असतात का. मी म्हणालो, नसतो. मी राजीनामा लिहून नेला होता. त्यांनी तो ठेवून घेतला आणि आठ दिवसांनी परत केला. मुलांना चिखलात उतरवणारा दुसरा माणूस मला मिळायचा नाही, एवढंच त्यांनी कारण दिलं. माझ्या बढतीचे कागद तेव्हा वर गेलेले होते, ते मात्र परत आले. पेन्शनीपर्यंत मी असिस्टंटच राहिलो. सुरुवातीला सलत असे. आता सलत नाही म्हटलं तर तेही खोटं होईल, म्हणून म्हणत नाही.

बांधासाठी मी कचेरीला लिहिलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रासोबत मुलांच्या चार टोळ्यांनी नव्याने केलेलं मोजमाप जोडलं, सगळ्या खाडाखोडीसकट. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्या थंडीत माती पडून बांध एक फूट उंच झाला. डोंबिवलीचा मुलगा तोवर पास होऊन ओव्हरसियर झाला होता. त्याचं काम दुसरीकडे होतं, पण गावी येताजाता तो कळव्याला उतरून म्हाताऱ्याकडे जात असे आणि मला लिहीत असे. मीठ एका पावसात निघत नाही, असं त्याने लिहिलं. दुसऱ्या वर्षी राता थोडा कमी लावला. तिसऱ्या वर्षी एका कोपऱ्यात पांढरं करून पाहिलं, ते जळलं.

मुक्काम मी आता कळव्यालाच नेत असे. श्राद्धाच्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन पूर्ण मोजमाप करायचो, जाऊन आणि परत येऊन, आणि मगच घरी. ब्राह्मणांना सांगूनच ठेवलं होतं, की उशीर होईल. आई आता थकली होती, पण चुलीपुढून उठत नसे. माझ्या उशिराचं कारण तिने कधी विचारलं नाही.

त्यानंतर एका वर्षी श्राद्धाच्या दिवशी मी हातपाय धुऊन आत आलो तेव्हा डोंबिवलीचा मुलगा ओटीवर बसलेला होता. मांडीवर फडक्यात बांधलेलं एक लहानसं गाठोडं. म्हाताऱ्याने पाठवलंय, म्हणाला, निरोप एवढाच आहे, की औंदा पांढरं आलं. मी गाठ सोडली. पायलीभरसुद्धा नव्हता, पण तांदूळ पांढरा होता. मी तो तसाच स्वयंपाकघरात नेला आणि आईला म्हणालो, आज पिंडांना याचा भात लाव. कुठला तांदूळ म्हणून तिने विचारलं, आणि मी तिला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाभळ, वही, अर्ज, वरंबा. इतकी वर्षं जे कॉलेजाला माहीत होतं ते घरी पहिल्यांदाच सांगत होतो.

ती तांदूळ निवडत ऐकत होती. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"त्या दिवशी तुझ्या बोटांना शाई होती," ती म्हणाली, "ती हीच का रे?"

मी मान हलवली. तिने तांदूळ धुऊन चुलीवर चढवला. मी हात पाहिले. सकाळपासून मोजमाप लिहिलं होतं, तेव्हा शाई आजही होती. धुवायला निघालो तर आई म्हणाली, राहू दे आज तशीच. मी पाटावर बसलो आणि त्याच हातांनी वडिलांचे पिंड केले.